तापमानाचा काटा आणि डेल्कोचे झाकण : पद्मिनीतून पुणे, महाबळेश्वर, चिपळूण, कराड

बुधवार, पुणे

काकांची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची आहे. ती घेऊन ऐन मे महिन्यात महाबळेश्वरला जायचे, आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, महामार्गाने चिपळूण गाठायचे आणि कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे पुण्याला परतायचे, असा मार्ग त्यांनी आखला होता. जुनी गाडी उन्हाळ्यात घाटात घालू नये, असे सगळेच सांगतात. काकांचे म्हणणे नेमके उलटे होते : गाडीत खोट असेल तर ती उन्हाळ्यातच दिसते, डिसेंबरात कोणतीही गाडी शहाण्यासारखी वागते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होत असे; तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा, कार्ब्युरेटर, आणि ठिणगीसाठी पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी धातूची टोके) व कंडेन्सर, एवढा तिचा संसार. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, हाताला लागतो आणि कित्येकदा नाकालाही कळतो. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर हिचे सुटे भाग आणि जाणते मिस्त्री गल्लोगल्ली मिळत. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत शोधाशोध करावी लागते, आणि जे हाती लागते त्यातले मूळचे किती व नकली किती, हे बसवून चालवल्याशिवाय कळत नाही.

आज दिवसभर तयारी केली. रेडिएटर आठवड्यापूर्वीच उघडून, वरची टाकी सोडवून, नळ्यांत सळ्या घालून साफ करून घेतला होता. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) पातेल्यात पाण्याबरोबर तापवून पाहिला. पाणी ऐंशीच्या वर गेल्यावर त्याची झडप हलू लागली आणि थोड्याच वेळात पूर्ण उघडली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट हवाच कशाला, असे म्हणून तो काढून फेकणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण त्याने गाडी सकाळी फार वेळ थंड राहते, चोक ओढून चालवावी लागते आणि तेलात पेट्रोल उतरते. शिवाय खरा दोष गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये असेल तर तो तसाच राहतो. पट्टा अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर बसतो एवढा ताणला. गाडीच्या तापमानाच्या मूळ काट्यावर माझा विश्वास नसल्याने डॅशबोर्डखाली अंश दाखवणारा स्वतंत्र काटा आधीच बसवलेला होता. इंजिनावरचा पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर घातला. पुढे या वीस-तीस रुपयांच्या वस्तूने बाकी साऱ्या सामानापेक्षा जास्त काम केले.

डिकीत एक पॉइंट सेट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, पट्टा, दोन होसपाइप, फिलर गेज, पॉलिश पेपर, तपासणीचा बल्ब, पाण्याचे दोन कॅन आणि जुनी धोतरे घेतली. धोतरे काकांनी घेतली. ओले फडके हा त्यांचा सर्व रोगांवरचा उपाय.

गाडी गरम होणे हा रेडिएटरवाल्याचा विषय आणि करंट जाणे हा वायरिंगवाल्याचा, अशी वाटणी गॅरेजात सर्रास केली जाते. आम्हीही निघालो तेव्हा त्याच समजुतीने निघालो होतो.

गुरुवार, पुणे ते महाबळेश्वर

पहाटे पाचला निघालो. शिरवळपर्यंत काटा ८२ वर खिळलेला होता, म्हणजे थर्मोस्टॅट आपले काम चोख करत होता. खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेत सापडल्यावर तो ९० पर्यंत गेला आणि माथ्यावर आल्यावर पुन्हा खाली आला. असे वरखाली होणे चांगले लक्षण असते. चढावर चढलेला काटा सपाटीवर उतरत नसेल, तर मात्र थांबून पाहावे.

वाईत मिसळ खाल्ली आणि पसरणी घाटाला लागलो. घाट लांबीने फार नाही, पण तिथे जुन्या गाडीला नको असलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र येतात : चढ सलग, वेग कमी, पुढे एसटी, आणि सकाळचे नऊ वाजून गेल्यावर खडकावरून येणारी झळ. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा गाडी ओढायला लागतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. सपाटीवर रेडिएटरला वाऱ्याची मदत असते. घाटात भार दुप्पट आणि वारा जवळजवळ नाही, तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन जितके हळू तितका पंखाही हळू. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढण्यापेक्षा दुसऱ्यात, इंजिन मोकळे फिरू देऊन चढावे. पेट्रोल थोडे जास्त जाते, पण पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात फिरतात आणि नॉकिंग होत नाही. काकांना दुसरा गिअर म्हणजे गाडीचा अपमान वाटतो. दोन वळणे त्यांनी तिसऱ्यात काढली, इंजिनातून खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला, काटा ९८ वर गेला आणि मग त्यांनी निमूटपणे गिअर उतरवला.

पाचगणीच्या अलीकडे सावली पाहून थांबलो. तापलेली गाडी थांबवली की किल्ली लगेच बंद करू नये. पाण्याचा पंप थांबला की सिलिंडरभोवतीच्या लोखंडातली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते आणि काटा खाली येण्याऐवजी आणखी पाच-सात अंश चढतो. ज्या गाड्या उकळतात त्यांपैकी बऱ्याच थांबल्यावरच उकळतात. आम्ही बॉनेट उघडून, अॅक्सिलरेटर किंचित दाबून दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवले. काटा ९० वर आल्यावर बंद केले.

उंचीचाही हिशेब असतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, म्हणजे तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते म्हणून गाडी वाचते. आमचे झाकण चौरस इंचाला ७ पौंड दाबाचे आहे आणि त्या दाबाने सुमारे ११ अंशांची सवलत मिळते. कूलंट मिसळल्याने आणखी थोडी. झाकणाचे रबर चिरलेले असेल तर ही सगळी सवलत गेली, आणि मैदानात नीट चालणारी गाडी घाटमाथ्यावर वाफा सोडू लागते. लोक तेव्हा रेडिएटरला दोष देतात.

चहा घेऊन परत आलो तर गाडी सुरू होईना. हे अपेक्षित होते. तापलेल्या इंजिनावर बसलेल्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत उतरते आणि इंजिन अति पेट्रोलाने गुदमरते. अशा वेळी चोक ओढला किंवा अॅक्सिलरेटरवर पाय मारत राहिले की संपलेच. पेडल तळापर्यंत दाबून तसेच धरावे, अजिबात पंप करू नये आणि सेल्फ मारावा. हवा भरपूर आत जाते, साठलेले पेट्रोल निघून जाते. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला गाडी काळा धूर टाकत उठली.

संध्याकाळी महाबळेश्वरला इंजिन थंड झाल्यावर डेल्कोचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, झाकण उघडले. पुण्यात पॉइंटची फट ०.४५ मिलिमीटर ठेवली होती. आता ०.३५ ची पट्टीही अडकत होती. पॉइंट नवे होते, आणि नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही तासांत झपाट्याने झिजते. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा लहानसा ठिपका नसेल तर आणखीच. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, म्हणून ठिणगीही उशिरा पडते. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल दट्ट्या (पिस्टन) खाली जात असताना जळत राहते. त्याचा जोर चाकांना मिळत नाही, पण उष्णता मात्र सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टला पुरेपूर मिळते. म्हणजे पसरणी घाटातल्या ९८ अंशांपैकी काही अंश घाटाचे होते आणि काही त्या ०.१ मिलिमीटरचे.

फट पुन्हा जुळवली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बल्ब लावून पाहिले : पहिल्या सिलिंडरची खूण जुळवायची, बल्बची एक तार पॉइंटच्या स्क्रूला आणि दुसरी बॉडीला लावायची, किल्ली चालू करून डेल्को हळूहळू फिरवायचा, पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो. काम झाल्याबरोबर किल्ली बंद केली. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइलमधून (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्यातून) सलग चारेक अँपिअर वीज जात राहते आणि कॉइल उभ्या जागी तापते. रेडिओ ऐकत किल्ली चालू ठेवून बसणाऱ्यांच्या कॉइल अशाच जातात.

शुक्रवार, महाबळेश्वर ते चिपळूण

आंबेनळी घाट उतरताना इंजिनाला विश्रांतीच असते, काटा ७५ च्या खाली गेला होता. तापतात ते ब्रेकचे ड्रम, आणि त्यावर उपाय एकच : ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून साडेदहाला पोलादपूरला पोहोचलो आणि गाडीचे दार उघडताच कोकणच्या मे महिन्याने अंगावर झडप घातली. हवेत ओल इतकी की पाच मिनिटांत सदरा भिजला.

कशेडीला आता बोगदा आहे, पण काकांना जुना घाट चढायचा होता. अर्धा चढ झाल्यावर गाडीने दोन-तीन हिसके दिले, मिस मारू लागली आणि एका वळणाच्या पुढे बंद पडली. काटा ९७ वर होता. काकांनी निदान उतरण्यापूर्वीच केले : पंपात पेट्रोलची वाफ झाली. धोतर भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळले, वीस मिनिटे झाडाखाली बसलो, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. काका खूश.

मला मात्र ते पुराव्यासारखे वाटेना. वीस मिनिटांत पंप थंड झाला हे खरे, पण त्याच वीस मिनिटांत कॉइल थंड झाली, कंडेन्सर थंड झाला, बॉनेटखालचे सगळेच थंड झाले. पंपात वाफ धरली असेल तरी गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते. कंडेन्सर किंवा कॉइल उष्णतेने दगा देत असेल तरीही अगदी तसेच होते. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली म्हणून दोष पेट्रोलचा, हा निष्कर्ष भारतभरच्या रस्त्यांवर रोज काढला जात असेल, आणि त्यातले निम्मे तरी चुकीचे असावेत अशी माझी शंका आहे. निदान करायचे तर गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत, सगळे गरम असतानाच करावे लागते. फडके त्यानंतर.

ही संधी खेडच्या पुढे भोस्ते घाटात मिळाली. तसेच हिसके, तसेच बंद पडणे. काका धोतराकडे वळले. मी त्यांना म्हटले, ‘‘काका, दोन मिनिटं थांबा, मग काय हवं ते गुंडाळा.’’ आधी पारदर्शक फिल्टर पाहिला : पेट्रोलने निम्म्याहून अधिक भरलेला, बुडबुडे नाहीत. एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत हाताने थ्रॉटल ओढला. आत पेट्रोलची बारीक पिचकारी स्वच्छ उडाली. म्हणजे पेट्रोल इथवर येत होते. मग कॉइलकडून येणारी मधली जाड वायर डेल्कोतून उपसली, तिचे टोक सुक्या फडक्यात धरून इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवले आणि काकांना सेल्फ मारायला सांगितले. पेट्रोलचे नळ उघडे नाहीत ना, हे आधी पाहून घेतले होते. ठिणगी पडली, पण कशी? बारीक, केशरी, अधूनमधून, आवाज जवळजवळ नाही. निरोगी ठिणगी निळसर पांढरी असते आणि तिचा टचटच आवाज दोन पावलांवरूनही ऐकू येतो.

झाकण काढून पॉइंट उघडले. एका टोकावर खड्डा, दुसऱ्यावर त्याच आकाराचा उंचवटा, आणि भोवती निळसर काळा डाग. आदल्या संध्याकाळी हेच टोक राखाडी, सपाट आणि स्वच्छ होते. पॉइंट उघडण्याच्या क्षणी कॉइलमधली वीज थांबायला तयार नसते, ती उघडणाऱ्या फटीतून उडी मारू पाहते. कंडेन्सर ती क्षणभर स्वतःत सामावून घेतो, त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि कॉइलमधले चुंबकत्व एकदम कोसळून हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. कंडेन्सर निकामी झाला की दोन्ही बिघडते : पॉइंटवर आग आणि प्लगवर अंधार. आतील कागद आणि धातूच्या पन्नीचे वेटोळे जुने झाले किंवा मुळात हलके असले, की ते थंड असताना नीट चालते आणि तापल्यावर गळू लागते. हा कंडेन्सर गाडीत चारच महिन्यांपूर्वी नवा बसवला होता. नव्या भागावर कोणी संशय घेत नाही, म्हणून असे बिघाड लपून राहतात.

डिकीतला कंडेन्सर बसवला. एक स्क्रू, एक तार. पॉइंट पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलच्या फडक्याने पुसून, फट जुळवली. वायर पुन्हा लोखंडाजवळ धरल्यावर ठिणगी अशी सणसणीत पडली की काका गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘ऐकू आली.’’ सगळे मिळून अर्धा तास लागला.

करंटचा प्रश्न सुटला, उष्णतेचा नाही. लोट्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने जात असतानाही काटा ९४ वर होता, आणि परशुराम घाटात १०१ ला टेकला. टायमिंग कालच जुळवलेले, पॉइंट नीट, रेडिएटर साफ. चिपळूणला मुक्कामी पोहोचलो तेव्हा मला याचे उत्तर सापडलेले नव्हते.

शनिवार, चिपळूण

लॉजच्या मालकाने एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे गॅरेज सांगितले. तिथे आता बहुतेक काम रिक्षांचे चालते, पण भिंतीला पद्मिनीचा एक जुना डेल्को खिळ्याला टांगलेला दिसला आणि काकांनी तिथेच गाडी लावली.

मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि रेडिएटरला हातही लावला नाही. ‘‘मोकळ्या रस्त्याला गरम होते ना, काका? मग पाणी नाय बघायचा. आधी डेल्को बघू.’’ त्यामागचे तर्कशास्त्र त्यांनी सांगितले नाही, पण ते पक्के आहे. नुसत्या गर्दीत गाडी तापत असेल तर पंखा, पट्टा यांच्याकडे पाहावे. मोकळ्या रस्त्यावर वारा भरपूर असूनही तापत असेल तर एकतर रेडिएटर आतून तुंबलेला असतो किंवा मुळात उष्णताच जास्त तयार होत असते. रेडिएटर नुकताच साफ झालेला होता.

त्यांनी झाकण काढले, रोटर (डेल्कोतला फिरता भाग) दोन बोटांत धरला, फिरण्याच्या दिशेने किंचित वळवला आणि सोडला. रोटर तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहून पुन्हा तेच केले. ‘‘हा परत आला पायजे.’’

कारण असे की इंजिन हळू फिरत असताना ठिणगी जेव्हा हवी, त्याच्या बरीच आधी ती वेगात फिरताना हवी असते. पेट्रोल जळायला लागणारा वेळ साधारण तेवढाच राहतो, पण दट्ट्या मात्र झपाट्याने वर येत असतो. त्यासाठी पॉइंटच्या पट्टीखाली दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. आमच्या डेल्कोत वर्षानुवर्षांचे ग्रीस वाळून डिंकासारखे झाले होते आणि वजने जागच्या जागी चिकटून बसली होती. मी महाबळेश्वरला बल्ब लावून जुळवलेले टायमिंग उभ्या इंजिनासाठी बिनचूक होते. पण साठच्या वेगाला ठिणगी पुढे सरकायला हवी ती सरकतच नव्हती, आणि इंजिन दिवसभर उशिराच्या ठिणगीवर धावत होते. उभ्या इंजिनावर बल्ब लावून केलेली तपासणी हा दोष दाखवत नाही.

पॉइंटची पट्टी सोडवून मिस्त्रींनी वजने बाहेर काढली. रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासली तेव्हा तपकिरी थर सोलून निघाला आणि खाली पोलाद लखलखले. एक स्प्रिंग दुसरीपेक्षा जाड होती. ती चूक नव्हे, तशीच असते, कमी वेगाला एक आणि जास्त वेगाला दुसरी काम करते. मात्र बारीक स्प्रिंगेचे टोक झिजून कापायला आले होते. मिस्त्री उठले, भिंतीवरचा डेल्को खिळ्यावरून काढला आणि त्यातली स्प्रिंग पक्कडीने उतरवून आमच्या डेल्कोत घातली. वजनांच्या खिळ्यांवर पातळ तेलाचा एकेक थेंब, कॅमवर ग्रीसचा ठिपका, आणि रोटरखालच्या नमद्यावर तेलाचे दोन थेंब. मग रोटर वळवून सोडला. टक् करून परत आला.

कामाचे किती, असे काकांनी विचारल्यावर त्यांनी सांगितलेली रक्कम इतकी कमी होती की काकांनी घासाघीस उलट्या बाजूने केली.

दुपारी त्याच उन्हात परशुराम घाटाची फेरी मारली. वर ९२. मोकळ्या रस्त्यावर ८५. शिवाय गाडी ओढायला लागली होती. काल जिथे दुसरा गिअर घ्यावा लागला तिथे आज तिसऱ्यात, न खुळखुळता चढली. काकांना याचेच जास्त कौतुक.

रविवार, चिपळूण ते कराड

सकाळी परशुरामाचे दर्शन घेण्यात वेळ गेला आणि निघायला साडेदहा वाजले. पोफळी मागे पडली की कुंभार्लीचा चढ सुरू होतो, आणि तो पसरणीपेक्षा खडा आहे. काटा ९५ पर्यंत गेला, तिथेच राहिला, आणि मला त्यात काळजीचे काही वाटले नाही. माथा वळणभर राहिला असताना एका टेम्पोमागे दहा मिनिटे रेंगाळावे लागले, आणि गाडी पुन्हा हिसके देऊ लागली.

या वेळी काकाच आधी उतरले आणि त्यांनी फिल्टर पाहिला. तो जवळजवळ रिकामा होता, तळाशी थोडे पेट्रोल आणि त्यातून वर येणारे बारीक बुडबुडे. कार्ब्युरेटरमध्ये पिचकारी उडेना. कॉइलच्या वायरीतून ठिणगी मात्र निळी, सणसणीत. ‘‘आता गुंडाळू का?’’ त्यांनी विचारले, आणि या वेळी नाही म्हणायला काही कारण नव्हते.

ही वाफ पंपातच का धरते, हे समजून घेण्यासारखे आहे. पंप इंजिनला चिकटून असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल शोषून आणतो. शोषणाच्या बाजूला दाब हवेपेक्षाही कमी असतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पंपातला पडदा मग वाफच वरखाली दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. त्यात आता रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळते, पण ते पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रण मूळ पेट्रोलपेक्षा सहज वाफ धरते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा जुना पडदाही त्याने फुगतो किंवा चिरतो. आम्ही दोन्ही गेल्या वर्षीच इथेनॉलला टिकणारे घातले आहेत, म्हणून गळती तरी नव्हती.

फडके पंपाच्या वरच्या भागावर आणि टाकीकडून येणाऱ्या नळीवर ठेवले, पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यावर थंड पाणी मारू नये. एक्झॉस्टजवळच्या ओतीव लोखंडावर तर नाहीच, ते तडकते. पंपाखालच्या हाताच्या दांडीने पंप मारत राहिलो तेव्हा पाचेक मिनिटांत फिल्टरमध्ये पेट्रोल चढू लागले. टाकीचे झाकण उघडून पाहिले. त्याचे हवेचे छिद्र धुळीने निम्मे बुजले होते, ते काडीने मोकळे केले. बुजलेल्या छिद्राने टाकीत ओढ निर्माण होते आणि पंपाची शोषण्याची मेहनत, म्हणजेच वाफ धरण्याची शक्यता, वाढते. पंप आणि इंजिन यांच्यामधली, उष्णता अडवणारी बेकलाइटची जाड चकती पूर्वी कोणीतरी काढून त्या जागी नुसता कागदी गॅस्केट घातला होता, हेही तेव्हाच दिसले.

हेळवाकला जेवलो. कोयनानगर, पाटण करत कराडला संध्याकाळी पोहोचलो. फडके वाळले की भिजवायचे, एवढेच काम वाटेत होते, आणि ते काकांनी अत्यंत आनंदाने केले.

सोमवार, कराड ते पुणे

कराड ते सातारा काटा ८४ ला चिकटलेला. खंबाटकीचा घाट पुण्याकडे येताना चढावा लागत नाही, बोगद्यातून येता येते. खरी परीक्षा कात्रजपासून पुढे झाली : दुपारचा एक, सिग्नलमागून सिग्नल, वारा शून्य. पद्मिनीला विजेवरचा पंखा बसवा, असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. ज्यांच्या गाडीला अल्टरनेटर आहे त्यांनी जरूर बसवावा. आमच्या गाडीला अजून डायनामोच आहे, आणि डायनामो इंजिन आयडलवर असताना जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. म्हणजे सिग्नलला पंखा बॅटरी खाणार, बॅटरीचा दाब पडला की कॉइलला कमी वीज मिळणार, आणि थंड इंजिनात ठिणगी मरणार. त्यापेक्षा सिग्नलला न्यूट्रल घालून अॅक्सिलरेटर किंचित दाबून धरणे बरे. काटा ९६ च्या वर गेला नाही.

घरी आल्यावर, इंजिन निवल्यानंतर, चारही प्लग काढून ओळीने ठेवले. पहिले तीन फिकट तपकिरी, जसे हवेत तसे. चौथा पांढरट होता. चौथा सिलिंडर पाण्याच्या पंपापासून सर्वांत लांब, आणि २० टक्के इथेनॉलात प्राणवायू मुळातच असल्याने जुन्या जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) येणारे मिश्रण थोडे फिके पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पांढरेपणाची ही दोन्ही कारणे असू शकतात. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घालून पाहायचा आहे, बेकलाइटची चकती मिळवायची आहे, आणि रेडिएटर व पंखा यांच्यामधल्या उघड्या जागेला पत्र्याचे आवरण करून घ्यायचे आहे. जुना कंडेन्सर मीटरवर लावला तर थंडपणी ०.२२ मायक्रोफॅरड, अगदी बरोबर. हेअर ड्रायरने तापवल्यावर आकडा स्थिर राहीना. काकांनी तो फेकू दिला नाही, त्यावर लाल रंगाची फुली मारून खणात ठेवला आहे.